दुतोंडी गरुड आणि कारखान्याचें नांव

जुनीं नाणीं आणि टपालाचीं तिकिटें जमविण्याचा नाद गिरगांव, दादर, परळ येथील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परराष्ट्रांचीं राजचिन्हें असलेलीं जुनीं रिव्हॉल्व्हरें जमविणारा गृहस्थ मात्र मुंबईंत क्वचितच आढळेल. आवड नाहीं म्हणून असें झालें, असें कोणी समजूं नये.

या संग्रहाची गोडी हत्यारांत नाहीं, तर त्यावरील ठशांत आहे. १८३६ सालीं अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट यानें आपल्या रिव्हॉल्व्हरचें पेटंट घेतलें. पुढें सरकारेंच या मालाचीं गिऱ्हाइकें झालीं, आणि जें सरकार माल घेई तें आपलें चिन्ह त्यावर उमटवून घेई. १८७१ सालीं रशियानें स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ अँड वेसन कंपनीकडे २०,००० रिव्हॉल्व्हरें मागविलीं. माल अमेरिकन, परंतु नळीवर लेख रशियन लिपींत आणि शेजारीं झारचा दुतोंडी गरुड, आपल्याकडील गंडभेरुंडाची आठवण करून देणारा! नंतर तोच नमुना बर्लिनच्या लुडविग लोव्ह यानें व रशियाच्या तुला येथील कारखान्यानेंही काढला. एकच गरुड, एकाच धन्याचा, आणि घडविणारे हात तीन देशांचे. केवळ गरुड पाहून "हें रशियन" असें म्हणणारा येथेंच फसतो. चिन्ह मालकाचें नांव सांगतें, कारागिराचें नव्हे. कारागीर शोधावयाचा तर शेजारचीं बारीक अक्षरें वाचावीं लागतात.

नागांचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. बेल्जमच्या लिएज येथील नागां बंधूंचें रिव्हॉल्व्हर रशियानें १८९५ सालीं स्वीकारलें व थोड्याच वर्षांत तें तुला येथें होऊं लागलें. आरंभीं त्यावर शाही कारखान्याचें नांव असे. १९१७ च्या क्रांतीनंतर तें गेलें आणि तारा आला. हत्यार तेंच, राज्य मात्र निराळें. स्वित्झर्लंडच्या १८८२ च्या रिव्हॉल्व्हरावर त्या देशाचा साधा क्रूस दिसतो. आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर? बाणाचें रुंद टोंक आणि त्याखालीं इंग्रजी 'आय' हें एकच अक्षर.

तो बाणही येथील माणसास परकाच होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून बंदूक-पिस्तूल बाळगणें गुन्हा ठरलें. युरोपियनांस मात्र बराच काळ सूट होती. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीचें नांव कोरलेलीं वेब्ली रिव्हॉल्व्हरें गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला असत. त्या सोसायटीची मुंबईंतील इमारत काळा घोडा येथें अजून उभी आहे. इतरांच्या हातीं परदेशी शस्त्र यावयाचें तर तें चोरवाटेनेंच. १९०९ सालीं लंडनच्या इंडिया हाउसमधील चतुर्भुज अमीन यानें पेटीच्या चोरकप्प्यांतून २० ब्राउनिंग पिस्तुलें मुंबईस आणलीं. (तीं रिव्हॉल्व्हरें नव्हेत, त्यांत फिरता दंडगोल नसतो.) त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, 'शारदा' नाटकाच्या प्रसंगीं, अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनचा वध केला तो त्यांतीलच एका पिस्तुलानें. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास फांशी झाली. अशा काळांत पिस्तुलाचा संग्रह ही हौस कोणास परवडणार?

अमेरिकेंत १८९८ पर्यंत बनलेलीं शस्त्रें कायदा पुराणवस्तु मानतो. आपल्याकडे तसें नाहीं. १९५९ च्या कायद्यानें, जें जुनें शस्त्र दुरुस्त करूनही उडविणें शक्य नाहीं त्यालाच सूट मिळते; चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरास, मग तें कितीही वयाचें असो, परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानेदारास वारसाहक्कानें आलेल्यांसह दोनच बंदुका-पिस्तुलें ठेवतां येतात. शंभर वर्षांवरील वस्तु परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें बंदी आहे.

लालबागच्या एखाद्या घरांत, मेसोपोटेमियांत लढून आलेल्या पणजोबांच्या ट्रंकेंत असें कांहीं निघालेंच, तर मुलांना दूर ठेवावें, त्याला हात लावूं नये आणि पोलिस ठाण्यास कळवावें. परवाना असलेल्या घरांतील खरी हानि मात्र चकाकीच्या हौसेनें होते. गंज दिसला कीं घांसकाम चालूं होतें, वर निकेलचा मुलामा चढतो, आणि शंभर वर्षें टिकलेला ठसा एका दुपारीं नाहींसा होतो. मग उरतें तें निनांवी लोखंड. त्यापेक्षां जाणकाराकडून शस्त्र रिकामें असल्याची खात्री करून घ्यावी, ठशाचें छायाचित्र काढावें, किंवा त्यावर पातळ कागद धरून मऊ शिसपेन्सिलीनें हलकेंच घांसावें. हळूहळू कागदावर एक डोकें उमटतें, मग दुसरें, आणि त्याखालीं कारखान्याचें नांव.