एक भांडार, अनेक खिडक्या



'डिस्कवाचून चालणारा संगणक' म्हणजे गिरणीवाचून पीठ, असे कोणी म्हणेल. पण गिरणी आहे. ती फक्त शेजारच्या खोलीत आहे.

वैरागसारख्या गावातील एखाद्या शाळेत दहा-बारा जुने संगणक धूळ खात पडले आहेत, असे समजा. डिस्क बिघडली आहे. पडदा, कळफलक, मेमरी शाबूत आहे. ते भंगारात घालावेत काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे.

युक्ती अशी. बटण दाबताच संगणकाचे नेटवर्क कार्ड तारेवरून हाक घालते. 'डीएचसीपी' ही सेवा त्याला पत्ता देते आणि सुरुवातीची फाईल कोठे आहे ते सांगते. 'टीएफटीपी' ती फाईल पोचवते. मग लिनक्सचा गाभा मेमरीत चढतो आणि पडद्यावर मुख्य संगणकाची खिडकी उघडते. टीएफटीपीवरून संगणक सुरू करण्याची पद्धत १९८४ सालीच लिहून ठेवलेली आहे. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' सुरू केला, तेव्हापासून ही सारी जुळणी फुकट मिळते.

आता लाभ पाहा. मुलगा निबंध लिहीत असता वीज गेली, तर त्याचा पडदा काळा होतो. निबंधाचा साठवलेला भाग मात्र मुख्य संगणकावर सुरक्षित राहतो. वीज आली की मुलगा पुन्हा तेथूनच लिहू लागतो. बारा ठिकाणी बॅटऱ्या नकोत. एका मुख्य संगणकाला असली म्हणजे साठवलेला निबंध वाचतो.

परंतु जेथे सोय एकवटते, तेथे धोकाही एकवटतो. मुख्य संगणक बसला की बाराही मुले हात बांधून बसतील. म्हणून रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. वायफायवर हे सहसा जमत नाही, तार ओढा. घरगुती राउटरही पत्ते वाटतो. एका जाळ्यात दोन वाटपकर्ते परस्परविरोधी पत्ते देऊ लागले की गोंधळ माजतो, तेव्हा एकाला गप्प करा. टीएफटीपी कोणालाही परवलीचा शब्द विचारत नाही, म्हणून त्या फाईलींत गुपित ठेवू नका.

आणि शेवटचे: यंत्र जुळवणारा सुटीत परगावी गेला, तर दुरुस्ती कोण करणार? सर्व जुळणी मराठीत वहीत लिहून ठेवा आणि निदान दोघांना शिकवा. जे ज्ञान एकाच डोक्यात राहते, ते त्या डोक्याबरोबर गावाबाहेर जाते. शाळेला संगणक मिळणे सोपे आहे. तो चालता ठेवणारी माणसे गावातच तयार करणे, हेच खरे काम होय.