रिकामे ताट

(कुरखेडा येथे भगिनींच्या सभेत नाताळाआधी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘नाताळाची तयारी’. मागे याच विषयावर बोलताना एका ताईंनी अनारसे तुपात का विरघळतात ते फार छान समजावून सांगितले होते. मी आज त्याच्या अगदी उलट बोलणार आहे, तेव्हा सुरुवातीलाच क्षमा मागते.

माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. पगार थोडा असो, जास्त असो, महिन्याच्या महिन्याला हातात यायचा. आता पेन्शन येते. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्याचे मूळ इथेच आहे.

माझ्याकडे एक जुनी हिशोबाची वही आहे. २०१८ सालचा डिसेंबर काढून पाहिला. तेलाचा एक डबा, दहा किलो साखर, मैदा, रवा, बेसन, खोबरे, सुकामेवा, घरातल्या पाच माणसांना नवे कपडे, चांदणी, दिव्यांच्या माळा. एकूण १३,४६० रुपये. त्याच पानावर खाली एक ओळ आहे : ‘ख्रिस्तजयंती, अर्पण, १०० रुपये’. (हसू नका, आपापल्या वह्या काढून पाहा.) चार दिवस मी चुलीपुढे होते. करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, रव्याचे लाडू, अनारसे असे सहा प्रकार. पंचवीस तारखेच्या उपासनेत पाळकसाहेबांचा संदेश सुरू झाला आणि मला झोप लागली. शेजारच्या ताईंनी कोपराने उठवले तेव्हा आशीर्वाद चालला होता. त्या वर्षी मेंढपाळांना देवदूताने काय सांगितले, ते मी ऐकलेच नाही.

मग दुपारी ताटे निघाली. ही आपली रीत तुम्हाला सांगायला नको. स्टीलचे ताट, त्यात सगळा फराळ, वर विणलेला रुमाल. ताटाच्या कडेला नाव कोरलेले, म्हणजे ते कुठेही गेले तरी आपल्याच घरी परत येणार. आणि परत येताना रिकामे येणार नाही. माझ्या घरून अकरा ताटे गेली आणि अकराही भरून आली. मला फार समाधान वाटले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याच मंडळीतली एक भगिनी माझ्या दारात आली. तिची दोन एकर धानाची शेती. मुलगी गडचिरोलीला शिकत होती, तिच्या मेसचे पैसे भरायचे होते. हजार रुपये उसने मागायला आली होती. मी जरा मोठेपणाने विचारले, “अगं, धान तर निघाले ना यंदा?” ती म्हणाली, “पाच पोती नाताळालाच इकली, बाई.” कोणाला? व्यापाऱ्याला. काय भावाने? चौदाशे रुपये क्विंटल.

त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव १,७५० रुपये होता. चाळीस किलोचे पोते, पाच पोती म्हणजे दोन क्विंटल. हमीभावाने तिला साडेतीन हजार मिळाले असते, मिळाले अठ्ठावीसशे. सातशे रुपये गेले. मी मास्तरीण, मला राग आला. म्हटले, “आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर का नाही नेले?” ती खाली पाहत म्हणाली, “तेथचे चुकारे कधी येतील कोन सांगन? नाताळ त आलाच होता. तुमचा ताट रिकामा कसा धाडू, बाई? सहा परकार होते त्याच्यात.”

भगिनींनो, त्या दिवशी मी तिला हजार रुपये दिले आणि रात्री मला झोप आली नाही.

आपल्याकडचा हिशोब बाहेरच्या वाचकांना माहीत नसतो, म्हणून थोडा सांगते. या भागात दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी होते. डिसेंबरात मळणी होऊन धान घरात किंवा केंद्रावर जाते. केंद्रावर काटा व्हायला दिवस लागतात, बारदाना कमी पडतो, आणि पैसे बँकेत पडेपर्यंत अनेकदा नवे वर्ष उजाडते. म्हणजे नाताळ नेमका अशा वेळी येतो की घरात धान आहे, पण खिशात पैसा नाही. ज्याला थांबता येते त्याला पूर्ण भाव मिळतो. ज्याला पंचवीस तारखेच्या आत पैसा पाहिजे, तो व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरात, मी याच सभेत उभी राहिले आणि नाताळासाठी कोणी कर्ज काढू नये यावर जोरात बोलले. टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर मागे बसलेल्या एक वयस्कर गोंड आत्याबाई हळूहळू चालत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “बाई, कर्ज काढू नका मनता, मंग तुमचा ताट कोन थांबवते?”

त्यांचे बरोबर होते. गरिबाने खर्च कमी करावा असा उपदेश करणे फार सोपे असते, आणि तो फार जुनाही आहे. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हाही सगळे म्हणत होते की शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने मात्र म्हटले की लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. बियाणे, बैल, सारा, पोटापुरते धान्य यांसाठी पुन्हा पुन्हा घेतलेली लहान कर्जेच शेतकऱ्याला जास्त खातात. म्हणून मी असे म्हणणार नाही की आपली माणसे करंज्यांमुळे गरीब आहेत. पण पाच पोती करंज्यांमुळेच गेली, आणि त्यातल्या काही करंज्या माझ्या घरी येऊन मी खाल्ल्या.

तेव्हा आम्ही नोकरी-पेन्शनवाल्या सात जणींनी ठरवले की आधी आपण थांबायचे. ज्याला परवडते त्याने थांबावे, मग ज्याला परवडत नाही त्याला थांबताना लाज वाटत नाही. उलट क्रमाने हे होत नाही. गरीब बाईने एकटीने ताट थांबवले तर लोक म्हणतात, तिच्याकडे नव्हते.

आम्ही थांबलो तेव्हा काय म्हणाले, तेही ऐका. माझ्या नणंदबाईंचा चंद्रपूरहून फोन आला, “वहिनी, कोणी गेलं का गं? आम्हाला कळवलं नाही!” आपल्याकडे सणाला कढई चढली नाही तर घरात सुतक आहे असाच अर्थ होतो ना. एका जावयाने विचारले, “तुम्ही पंथ बदलला काय?” माझ्या नातवाने दोन दिवस अबोला धरला.

पंथाचा प्रश्न निघाला म्हणून थोडा इतिहास सांगते. आपल्याला वाटते, नाताळ असाच साजरा करायची शिकवण मिशनरींनी दिली. १८४५ साली नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. गोंड लोकांविषयी त्यांनी केलेले लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापले गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ज्या मंडळीतून ते आले ती मंडळी नाताळ पाळतच नव्हती. पवित्र शास्त्रात या सणाची आज्ञा नाही, असे त्यांचे म्हणणे. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी मिळू लागली ती १९५८ साली! तिकडे अहमदनगरला ज्यांनी काम केले ते अमेरिकन मराठी मिशन. त्यांची पाठवणारी संस्था बोस्टनची. त्याच बोस्टनच्या वसाहतीत १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता, तो १६८१ पर्यंत राहिला. आपल्या चांद्याला आलेले मिशन मात्र स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल चर्चचे, आणि ते नाताळ पाळणारे. तेव्हा दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती लोक आपल्याकडे येऊन गेले. मला दंडाचा कायदा नको आहे आणि सणही सोडायचा नाही. एवढेच लक्षात घ्या की सहा प्रकारांचे ताट त्यांच्यापैकी कोणीही आणले नाही. ते आपण दिवाळीवरून उचलले, आणि आवडीने उचलले.

शास्त्रात काय आहे? लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळ निघून गेल्यावरचा भाग आपण नाताळात वाचत नाही, घाई असते. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात जातात आणि पक्ष्यांचे अर्पण करतात. ते पक्षी का? लेवीयच्या बाराव्या अध्यायात नियम आहे : बाळंतिणीने कोकरू आणावे, आणि कोकरू आणण्याची ऐपत नसेल तर दोन होले किंवा दोन पारवे चालतील. म्हणजे आपल्या प्रभूची आई मंदिराच्या दारात गरिबाच्या दराने उभी राहिली. तिने कोकरासाठी उसने घेतले नाही, आणि याजकाने तिला परत पाठवले असेही कुठे लिहिलेले नाही. मी इतकी वर्षे हा अध्याय वाचला, पण पाच पोत्यांनंतर तो मला कळला.

आणि आपल्या विदर्भातलेच गाडगेबाबा. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, म्हणजे त्यांची पुण्यतिथी आपल्या कढईच्या आठवड्यातच येते. सणासाठी कर्ज काढू नका, हे ते कीर्तनात पुन्हा पुन्हा सांगत. पण आधी त्यांनी ते स्वतःच्या घरी केले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू हवी होती, त्यांनी गोड जेवण घातले आणि लोकांची बोलणी खाल्ली.

आता आम्ही काय केले ते. २०१९ च्या पंचवीस डिसेंबरला उपासनेनंतर सगळ्यांचे जेवण एकत्र केले. प्रत्येक घरून एक पायली तांदूळ. ज्याच्याकडे वांगी त्याने वांगी, ज्याच्याकडे पोपटाच्या शेंगा त्याने शेंगा आणल्या. पळसाच्या पत्रावळी लावल्या. शहरातल्या पाहुण्यांना हे नवे वाटले. आत्याबाईंना नाही वाटले. त्या म्हणाल्या, हा तर आमचा पंडुमच झाला. गावच्या पंडुमात घरोघरून तांदूळ गोळा होतो, एकत्र शिजतो, आणि कोणाच्या घरचा किती हे भातात ओळखू येत नाही. आम्ही शिकलेल्या बाया त्यांना काही नवीन शिकवायला निघालो होतो.

कपड्यांचे जरा अवघड गेले. नवा कपडा नाही म्हणून मूल नाताळाला मंदिरात आणत नाहीत, अशी तीन घरे मला नावानिशी माहीत होती. म्हणून ठरले की गीते गाणारी सगळी मुले शाळेच्या गणवेशात येतील. लहान मुले आली. मोठ्या मुली रुसल्या, आणि मला वाटते त्यांचे फारसे चुकले नाही. वर्षातून एकदा मिरवावे वाटते. पुढे आम्ही ती अट काढून टाकली.

सगळे जमले असे समजू नका. एक भगिनी रडली. तिची आई गेलेली, आणि आईच्या हातची करंजी करणे हाच तिचा नाताळ. तिला म्हटले, कर बाई, दहा कर, बसून खाऊ. तरुण मंडळींनी त्याच वर्षी ध्वनिक्षेपकावर इतका खर्च केला की आमची सगळी बचत त्यात बुडाली असती. २०२० साली करोनामुळे एकत्र जेवण झाले नाही, आणि ताटेही निघाली नाहीत; आभाळ काही कोसळले नाही. पण २०२२ ला संध्याकाळच्या अंधारात दोन ताटे रुमालाखाली इकडून तिकडे जाताना मी स्वतः पाहिली. त्यातले एक माझ्याच सुनेचे होते. काय बोलणार!

हे भाषण पत्रिकेत छापणार असे कळले, म्हणून लांबच्या हितचिंतकांसाठी दोन वाक्ये. आपण प्रेमाने नाताळाला साड्या-कपडे पाठवता, आणि आम्ही रांग लावून ते वाटतो, फोटो काढतो. घेणाऱ्या बाईचा चेहरा त्या फोटोत पाहा. तीच मदत जूनमध्ये आली, बियाणे, वह्या-पुस्तके आणि पावसाळ्यातल्या दवाखान्यासाठी, तर कर्जाचे पहिले पाऊलच पडणार नाही. नाताळाला जमले तर स्वतः या आणि आमच्या पंगतीत बसा.

ती भगिनी आज इथे बसली आहे, तिची परवानगी घेऊनच मी बोलले. मुलीचे शिक्षण पूर्ण झाले. गेल्या उन्हाळ्यात तिने माझ्याकडे चारोळी पाठवली, कुठला सण नव्हता, रानात मिळाली म्हणून. ताट तिचे, तिचे नाव कोरलेले. मी ते धुऊन, पुसून, रिकामे घेऊन तिच्या घरी गेले. हात कापत होते, खरेच सांगते. तिने ताट घेतले, आत जाऊन फळीवर ठेवले आणि चहा टाकला.

यंदा जेवण मंदिराच्या मागच्या अंगणात आहे. घरटी एक पायली तांदूळ चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत माझ्याकडे आणून द्यावा. कोणाकडे नसेल तर शेंगा सोलायला यावे, त्या कामाला सहा जणी तरी लागतील. पत्रावळी लावणाऱ्यांची नावे सभा संपल्यावर लिहून घेते.