सलून, गुत्ता आणि आडवी बाटली

आज काउबॉयच्या सलूनबद्दल बोलू या. आता प्रभादेवीत कुणाला विचारलंत, 'सलून कुठंय?' तर तो तुम्हाला केस कापायच्या दुकानात नेऊन बसवेल. मी म्हणतोय ते पिक्चरमधलं सलून. अर्धे दरवाजे धाडकन उघडतात, पियानो थांबतो, सगळे वळून बघतात, ते.

विषय सुचला एका पार्टीत. मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरजवळ एक बार आहे, तिथं मेनूवर 'काउबॉय' कॉकटेल होतं. बोर्बन, धुराचा वास दिलेला ग्लास, वर संत्र्याची साल. किंमत बघून मी साधा सोडा मागवला.

खरा काउबॉय असलं काही पीत नव्हता. 1867 पासून टेक्सासमधली गुरं हाकत कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेपर्यंत आणायला लागले. दोन-तीन महिने धूळ खायची, महिन्याचे तीस-चाळीस डॉलर, आणि ते पैसे हातात पडले की समोर सलून. तिथं मिळायची ती कोरी व्हिस्की. तीही बरेचदा नुसता स्पिरिट, जळक्या साखरेनं रंगवलेला, तंबाखूचा अर्क घालून 'कडक' केलेला. दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क, ही कॉकटेलची व्याख्या 1806 सालीच छापून आली होती, पण तो शौक मोठ्या शहरातल्या बारचा. अनेक सलूनमध्ये जेवण फुकट असायचं, मात्र खारट. म्हणजे तहान लागते आणि गिऱ्हाईक दुसरा ग्लास मागतं. आपल्याकडे क्वार्टरबरोबर खारे शेंगदाणे का येतात, कळलं?

आता आपल्या गिरणगावात या. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला कामगार. बायको-पोरं गावाला, इथं एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे दहा-पंधरा जण, जेवण खानावळीत. पाय पसरून बसायला जागा कुठं? तर गुत्त्यात. घरापासून लांब, एकटा, हातात रोख पगार. हा माणूस आणि तो काउबॉय यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. फक्त याच्याकडे घोडा नव्हता.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं तर गुत्त्याला आणखीनच सलूनची कळा आली. चोरून हातभट्टी, काळा गूळ, नवसागर, मागल्या दारी आंटीचा अड्डा, पोलीस आले की पळापळ. पुढे बंदी सैल झाली, परमिट रूम आल्या, देशीचे बार आले. संत्रा घ्या नाहीतर मोसंबी, सोबत उकडलेलं अंडं. आपलं कॉकटेल म्हणायचं तर तेच, संत्र्याची साल आधीच आत! गंमत म्हणजे कायदा अजून आहे. पिण्यासाठी आजही परवाना लागतो. खिशात असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण हे सगळं रम्य करून सांगायला मला जड जातं, कारण आजी. पगाराच्या दिवशी ती मिलच्या गेटवर उभी राहायची. एकटी नाही, चाळीतल्या चार-पाच जणी. भोंगा झाला की आजोबा बाहेर यायचे, पाकीट तिच्या हातात द्यायचे, त्यातले थोडे पैसे ती परत द्यायची. आजोबा गुत्त्याकडे, आजी वाण्याकडे. 'एकदा चुकले होते गेटवर जायला,' एवढंच ती सांगायची. पुढचं नाही सांगायची.

तिकडच्या पिक्चरमध्ये या बायका दिसत नाहीत. होत्या मात्र. कॅन्ससमध्ये 1881 पासून दारूबंदी, तरी सलून बिनधास्त चालू. कॅरी नेशन नावाच्या बाईचा पहिला नवरा दारूनं गेलेला. 1900 साली ती सलूनमध्ये शिरली आणि बाटल्या-आरसे फोडायला लागली. आधी दगडांनी, मग कुऱ्हाडीनं. आपल्याकडे कुऱ्हाड नाही, मतपत्रिका आली. उभी बाटली की आडवी बाटली? पण अट बघा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारायचा. मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे, एकूण नोंदलेल्यांपैकी. जी आजारी, जी माहेरी, जिला नवऱ्यानं घरात कोंडलं, ती सगळी मतं आपोआप उभ्या बाटलीच्या फायद्याची. तरीही कित्येक गावांत बायकांनी दुकानं बंद पाडली. मला ही कुऱ्हाडीपेक्षा अवघड गोष्ट वाटते.

आणि दारू नुसती बंद केली की प्रश्न सुटला, असंही नाही. 2015 च्या जूनमध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. स्वस्त नशा शोधणारी, हातावर पोट असलेली माणसं. ते कॉकटेल त्यांच्यासाठी नव्हतंच.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आजीचं गेटवर जाणं थांबलं. पाकीटच नव्हतं. आजोबांची दारूही सुटली, पैसे नव्हते म्हणून. आजीला विचारलं होतं मी, बरं वाटलं का? म्हणाली, 'पगार असता आणि प्याले असते, तर भांडले तरी असते.'