देउस गावचे देउस्कर

(न्यू टाउन, कोलकाता येथील व्याख्यानाचा मजकूर)



न्यू टाउनच्या उंच इमारतींत दारावरच्या पाटीत ‘कर’ दिसला की मराठी माणूस थबकतो. बंगाली शेजाऱ्याला त्याचे नवल वाटत नाही, कारण त्याच्याकडे ‘कर’ हे स्वतंत्र आडनावच आहे, आर. जी. कर रुग्णालयाचे राधागोविंद कर बंगालीच. मराठी ‘कर’ मात्र एकटा उभा राहत नाही, त्याला आधी गाव लागते. नॉर्मन घराण्यांचीही रीत हीच होती. ब्रिक्स गावावरून ‘ब्रूस’ झाले आणि स्कॉटलंडच्या गादीवर बसले, तरी गाव नावात राहिले.

बंगालात असेच टिकलेले एक दुर्मीळ आडनाव म्हणजे देउस्कर. रत्नागिरीकडील देउस हे त्याचे मूळ. अठराव्या शतकात मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर हे कुटुंब देवघरजवळच्या करौं गावी स्थायिक झाले. तेथे १८६९ साली सखाराम गणेश देउस्कर जन्मले. आई लवकर गेली. मराठी साहित्य जाणणाऱ्या विधवा आत्याने त्यांना वाढवले. घरातली मराठी टिकली ती या माउलीमुळे, हे कोणत्याही सनदेहून मोठे मानावे लागेल.

या आडनावाचे ओझेही लहान नव्हते. १७४२ पासूनच्या स्वाऱ्यांमुळे मराठा म्हणजे ‘बर्गी’, ही धास्ती बंगालच्या अंगाईगीतांतही उतरली होती. ‘बर्गी’ हा आपल्या ‘बारगीर’ शब्दाचाच अवतार! त्याच बंगालात, मराठी नाव न बदलता, देउस्कर ‘हितवादी’ पत्रात मुद्रितशोधकाचे काम करू लागले आणि पुढे त्याचे संपादक झाले. १९०२ साली कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात त्यांचाच पुढाकार होता. १९०४ साली त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेसोबत रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही कविता प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावाने मुले निजवली जात, त्यांच्या राजाचे गुणगान बंगालीत झाले.

त्याच वर्षी देशाच्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडणारे त्यांचे ‘देशेर कथा’ निघाले. आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. सुरतेच्या फुटीनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा देउस्करांनी संपादकपद सोडले. १९१२ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आतच, ते निवर्तले.

त्यांचे लेखन बंगालीत आहे. मुखपृष्ठावरचे नाव मात्र आपल्याच रीतीचे: आधी स्वतःचे, मग ‘गणेश’, आणि शेवटी गाव.