मान्सूनचे नाते मोजताना



गुंतागुंतीच्या प्रणालींतील चलांचे परस्परावलंबन मोजण्याविषयीची परिषद पुण्यात भरावी, हे उचितच. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून याच शहरात आले. त्याआधी, १९०४ मध्ये, केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर या खात्याचे प्रमुख झाले. १८९९ च्या दुष्काळाची जखम ताजी होती; मान्सूनचा अंदाज हवा होता. वॉकर यांनी जगभरच्या हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी जमवल्या, भारतीय कारकुनांकडून हाताने सहसंबंध गुणक काढून घेतले. आकड्यांच्या त्या राशीतून एक झोका हाती लागला: पॅसिफिकवर दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो. ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव त्यांनीच दिले.

पुढे याच झोक्याशी जोडलेला एल निनो, म्हणजे पॅसिफिकच्या पाण्याचे तापणे, आणि भारतातला कमी पाऊस ही जोडी सर्वांना पाठ झाली. १९९७ मध्ये मात्र शतकातला एक अतिप्रबळ एल निनो आला आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. २००२ चा एल निनो मध्यम; पाऊस ८१ टक्क्यांवर अडला! पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले होते, की हे नाते तोवर सैल झाले होते. २००६ मध्ये त्यांनी पुढची गाठ सोडवली. पॅसिफिकचे पाणी मध्यभागी तापले तर भारतातला पाऊस जास्त मार खातो, पूर्वेला तापले तर कमी.

सगळ्या वर्षांचा मिळून एकच सहसंबंध गुणक काढला, तर यातले काहीच दिसत नाही. शिवाय तो गुणक सरळ रेषेपुरतेच पाहतो. शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला ‘क्ष’ आणि त्याचा वर्ग घेतला, तर अवलंबन पूर्ण आणि गुणक शून्य. शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती सिद्धांतातून आलेले म्युच्युअल इन्फर्मेशन किंवा सेकेली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेले डिस्टन्स कोरिलेशन ही मापे अशी वळणेही पकडतात. पण त्यांना आकडे भरपूर लागतात, आणि मान्सून वर्षातून एकदाच येतो. दीडशे वर्षांची नोंद म्हणजे जेमतेम दीडशे बिंदू. खरी अडचण इथे आहे, आणि तिच्याशी झुंजणारी माणसे आज या सभागृहात बसली आहेत, याचा स्वागत समितीला अभिमान वाटतो.

तरुण संशोधकांना समितीची एक आग्रहाची विनंती. शेकडो चले धुंडाळली की काही जोड्या निव्वळ योगायोगाने जुळतात. पाच टक्क्यांच्या कसोटीवर, काडीचाही संबंध नसलेल्या शंभर जोड्यांपैकी सरासरी पाच उत्तीर्ण होतात. वॉकर यांनी हा धोका १९१४ मध्येच ओळखला आणि कसोटी कडक केली. म्हणून सापडलेल्या जोडीबरोबर तपासून टाकून दिलेल्या जोड्यांची संख्याही आपल्या निबंधात द्यावी. त्यावरील चर्चेसाठी प्रत्येक सत्रानंतर वेळ राखून ठेवला आहे.