हुडीच्या चेनवरून छपाई करताना

दिवाळी झाली की शिवणकाम आणि छपाई करणाऱ्या गटांकडे हुडीच्या ऑर्डरी यायला लागतात. हुडी म्हणजे टोपीचा स्वेटशर्ट. आमच्या निफाडकडची थंडी तर तुम्हाला बातम्यांतून माहीतच आहे. मंडळाची पोरं, कॉलेजची मुलं, क्रिकेटचा संघ, सगळ्यांना एकसारख्या हुड्या हव्या असतात आणि छातीवर आडवं, मोठं नाव हवं असतं. पुढून बंद असलेली हुडी असेल तर काम टी-शर्टसारखंच. पण पुढे चेन असली की नाव चेनवरून जातं आणि तिथंच घात होतो. आज त्या चेनबद्दलच बोलायचं आहे, कारण तिनं आमच्या गटाला एकदा चांगलंच रडवलंय.

एका तरुण मंडळानं आम्हाला चाळीस तयार हुड्या आणून दिल्या होत्या. छातीवर गावाचं नाव, पांढऱ्या रंगात. आम्ही हुडी हातात घेऊन नीट पाहिलीसुद्धा नाही, लगेच हो म्हणालो. नेहमीच्या टेबलावर हुडी पसरली, स्क्रीन ठेवली, रंग ओढला. स्क्रीन उचलली तर चेनच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा कोरी, तिच्या पुढे रंग फुटलेला, आणि चेनच्या दातांत रंग गच्च बसलेला. आम्हाला वाटलं दाब कमी पडला. म्हणून पुढच्या हुडीला जास्त दाबलं, तर रंग अजून पसरला. नऊ हुड्या वाया गेल्या आणि दहाव्या वेळी चेनच्या धातूच्या दातानं स्क्रीनची जाळीच फाटली.

त्या दिवशी स्क्वीजी, म्हणजे रंग ओढायची रबराची पट्टी, आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीच्या हातात होती. लग्न होऊन गावात आलेली, काम शिकायला उत्सुक. बैठकीत सगळ्या तिच्यावरच घसरल्या. तुझा हात चालत नाही, तुझ्यामुळे गटाला भुर्दंड. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

मग आमच्या एका काकूंनी चेनवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, पोळपाटाखाली लाटणं ठेवून पोळी लाटलीत तर ती गोल होईल का? त्यात लाटणारणीचा काय दोष?" तेव्हा आमचे डोळे उघडले.

छपाईला खालची जागा सपाट लागते. स्क्रीन कापडाला सगळीकडे सारखी टेकली तरच रंग सारखा उतरतो. चेनच्या जागी चेनची पट्टी, दुमडलेलं कापड आणि वरची शिलाई असे थर एकावर एक येतात. तिथं उंचवटा होतो. स्क्रीन त्या उंचवट्यावर टेकते आणि शेजारी अधांतरी राहते. जिथं अधांतरी राहते तिथं रंग एक तर पोचत नाही, नाही तर जाळीखालून पसरतो. हुडीच्या पुढच्या मोठ्या खिशाची शिलाईही हेच करते. म्हणून चित्र खिशाच्या वरच ठेवा.

आता उपाय सांगते, सोप्यापासून सुरुवात करून.

पहिला उपाय म्हणजे चित्राची जागा बदलणं. ग्राहकाला विचारा, मोठं नाव पाठीवर घेऊ आणि छातीवर डावीकडे लहान खूण करू का? पाठ सपाट असते, काम सुबक होतं. विचारलं तर बरेच जण तयार होतात. आम्ही विचारलंच नव्हतं.

दुसरा उपाय म्हणजे चित्रातच मध्ये जागा सोडणं. चेन आणि तिची शिलाई मिळून जेवढी रुंदी होते, तेवढी मोजा. साधारण एक ते दीड इंच भरते. तेवढी पट्टी चित्रात कोरी ठेवा. डावा भाग डावीकडे, उजवा भाग उजवीकडे. लांबून पाहणाऱ्याला चित्र एकच दिसतं.

इथं आपल्या मराठी अक्षरांची एक गंमत लक्षात ठेवा. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यामुळे कुठंही तोडली तरी चालतं. आपल्या शब्दाला वरून शिरोरेघ असते. ती मध्येच तुटली, किंवा एक बाजू जराशी खालीवर झाली, तर लगेच डोळ्यात भरतं. म्हणून चेन शक्यतो दोन शब्दांच्या मध्ये येऊ द्या. आणि चेन उघडी टाकल्यावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचून पाहा. आमच्या निफाडचं नाव मधून तोडलं तर एका बाजूला उरतं 'नि' आणि दुसऱ्या बाजूला 'फाड'! हसू नका, असं छापून गेल्यावर ग्राहक हसत नाही.

तिसरा उपाय म्हणजे खाचेची फळी. हुडीच्या पोटात जाईल एवढी प्लायवूडची फळी घ्या. तिच्यावर डावीकडे आणि उजवीकडे जाड पुठ्ठा किंवा रबराची शीट चिकटवा, मध्ये उभी खाच ठेवा. खाच चेनच्या शिलाईपेक्षा किंचित रुंद हवी. फळी हुडीत घातली की चेनचा उंचवटा खाचेत बसतो आणि दोन्ही बाजूंचं कापड त्याच्या बरोबरीला येतं. पुठ्ठ्याचे किती थर द्यायचे, ते कसं ओळखायचं? हुडी फळीवर चढवा, चेन लावा आणि वरून आडवी मोजपट्टी ठेवा. मोजपट्टी चेनवर डुगडुगली तर अजून एक थर हवा. सगळीकडे टेकली तर फळी तयार.

छापायच्या आधी चेन पूर्ण लावा, तिचा खटका गळ्यापर्यंत वर न्या, म्हणजे तो चित्रात येणार नाही. दोन्ही बाजूंची खालची कड समान आहे का ते पाहा. चेनच्या दातांवर कागदी चिकटपट्टी लावा. रंग दातांत जात नाही आणि जाळीही वाचते. स्क्वीजी चेनच्या दिशेनं, वरून खाली ओढा. आडवी ओढली तर चेनपाशी पट्टी अडखळते आणि तिथं रंग साठतो. छापून झालं की रंग ओला असतानाच चिकटपट्टी हळूच काढा.

हुडीचं कापड आतून लवदार असतं, बाहेरूनही थोडं मऊ असतं, त्यामुळे ते रंग पितं. गडद रंगाच्या हुडीवर पांढरी खादी पेस्ट एका हातात उठून दिसत नाही. पहिला हात सुकू द्या, मग दुसरा द्या. तोपर्यंत हुडी फळीवरून काढू नका, नाही तर दुसरा हात जागेवर बसत नाही.

आता तापाचं बघा. बाइंडरचे रंग सुकले की कापडाच्या उलट बाजूनं इस्त्री करून पक्के करतात. प्लास्टिसॉलचा रंग तापवल्याशिवाय पक्का होतच नाही, त्याला साधारण १६० अंश सेल्सिअस ताप लागतो. एवढ्या तापात जाड प्लास्टिकच्या दातांची चेन वाकू शकते. मग ती कधीच सरळ लागत नाही. धातूची चेन वाकत नाही, पण तापते आणि हात भाजते. म्हणून चेन शक्य तेवढी तापापासून लांब ठेवा आणि आधी एकाच हुडीवर करून पाहा. लाल किंवा मरून पॉलिस्टरची हुडी असेल तर तापवल्यावर कापडाचा रंग पांढऱ्यात उतरतो आणि अक्षरं गुलाबी दिसतात. तीही परीक्षा आधीच घ्या.

चौथा उपाय शिवणकाम करणाऱ्या गटांसाठी, आणि माझ्या मते तोच सगळ्यात चांगला. हुडी तुम्हीच शिवणार असाल तर छपाई आधी करा. कटिंग झालं की पुढचे दोन्ही भाग सपाट टेबलावर ठेवून छापा, सुकवा, पक्के करा आणि मग चेन लावा. उंचवट्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त चेनच्या शिलाईत जेवढं कापड दुमडणार, तेवढी जागा छापताना सोडा, नाही तर चित्राची कड शिलाईत जाते. दोन्ही भागांवर एकाच उंचीला खडूची खूण करा आणि चेन लावताना ती जुळवा.

आता हिशेब. समजा हुडी ३०० रुपयांची आहे आणि छपाईचे तुम्ही ३० रुपये घेता. एक हुडी बिघडली तर दहा हुड्यांच्या छपाईचे पैसे गेले. म्हणून चेनवरच्या छपाईचा दर साध्या छपाईएवढा ठेवू नका, वेळ आणि जोखीम दोन्ही जास्त आहेत. ऑर्डर घेतानाच दोन-तीन जादा हुड्या मागून घ्या. एक नमुना छापून ग्राहकाला दाखवा, चेनपाशी कोरी पट्टी राहील हे तोंडी न सांगता लिहून द्या, आणि त्यावर त्याची सही घ्या. नमुना मान्य झाल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नका.

आम्ही मंडळाला नऊ हुड्यांचे पैसे गटाच्या खात्यातून भरून दिले. सगळ्यांनी हो म्हटलं होतं, तर नुकसानही सगळ्यांचंच. बिघडलेल्या हुड्यांवर गोधडीसारखी कापडाची ठिगळं लावून आम्हीच त्या थंडीत वापरल्या.

त्या मुलीकडे मात्र आम्ही चार जणी घरी गेलो. तिच्या सासूबाईंसमोरच सांगितलं की चूक हिची नव्हती, आम्ही न पाहता काम घेतलं होतं. ती पुन्हा यायला लागली. पुठ्ठ्याची पहिली फळी तिनंच चिकटवली, आणि आता प्रत्येक ऑर्डरचा नमुना तीच छापते.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा चेनच्या हुडीची ऑर्डर आली तर हो म्हणण्याआधी चेनवरून एकदा हात फिरवा. आणि काम बिघडलं तर बोट दाखवण्याआधी खालची फळी तपासा.