नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

‘नेट गेलं’ हे वाक्य आता ‘लाइट गेली’ इतकंच घरगुती झालं आहे. फरक एवढाच, की लाइट गेली तर आपण आधी खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघतो. त्यांच्याकडे दिवे चालू असतील तर दोष आपल्या घरातला, सगळीकडे अंधार असेल तर बाहेरचा. नेट गेल्यावर ही साधी चौकशी आपण करत नाही. राउटरची पिन उपटतो, पुन्हा खुपसतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर कंपनीच्या नावानं बोटं मोडत बसतो.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीत कुणाचं नेट अडलं की मला हाक येते. गेल्यावर मी पहिला प्रश्न विचारतो, ‘टाकीत पाणी नाही, की नळाला पाणी नाही?’ लोक चमकतात. पण वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या तारेनं राउटरपर्यंत जे येतं ते इंटरनेट, म्हणजे टाकीत येणारं पाणी. राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत हवेतून जाणारा शेवटचा टप्पा म्हणजे वाय-फाय, आपला मोरीतला नळ. टाकीच कोरडी असेल तर नळ बदलून काय होणार?

आता हे ओळखायचं कसं? मोबाइलवर वाय-फायची पंख्यासारखी खूण भरलेली दिसते, पण शेजारी उद्गारचिन्ह आहे आणि काहीच उघडत नाही. अशा वेळी नळ ठीक आहे, खोट टाकीकडे. मग राउटरवरचे दिवे बघा. घरात फायबरची जोडणी असेल तर ‘एल ओ एस’ अशी अक्षरं असलेला एक दिवा असतो. तो लाल झाला, की बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही असं समजा. फायबर म्हणजे केसासारखा काचेचा धागा. तो काटकोनात दुमडला तर त्यातला प्रकाश वाटेतच सांडतो. रंगकाम करताना कपाट सरकवलं आणि तार मागे चेंगरली, हे तर नेहमीचं. तार मोकळी करून पाहा. पण जोड उघडू नका आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून तर मुळीच बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप तारेनं राउटरला जोडा. तारेनं चाललं आणि हवेतून चाललं नाही, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. दोष तुमच्या चार भिंतींच्या आत आहे.

आमच्याच इमारतीतले एक काका-काकू आहेत. मुलगी न्यू जर्सीला. दर रविवारी आपल्या रात्रीच्या आठला तिच्याशी व्हिडिओवर बोलणं. काही महिने असं होऊ लागलं, की दहा मिनिटं झाली की चित्र थिजायचं, आवाज तुटायचा आणि बोलणं बंद पडायचं. कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी. सकाळी सगळं सुरळीत. ‘राउटर जुना झालाय, नवा घ्या’ एवढं सांगून तो गेला. इकडे काकांनी मनात वेगळंच धरलं होतं : तिला आता आपल्यासाठी वेळ नाही, म्हणून तीच बंद करते. दोन रविवार त्यांनी तिचा फोनच उचलला नाही. काकू काही बोलल्या नाहीत, पण मला बोलावणं त्यांनीच धाडलं.

रविवारी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. राउटर फ्रिजवर, त्याला खेटून मायक्रोवेव्ह. बोलणं छान चाललं होतं. काकू उठल्या, भाजी गरम करायला ठेवली. ओव्हन घुमू लागला आणि पडद्यावर लेकीचं तोंड उघडंच राहिलं. ओव्हन थांबला, लेक बोलू लागली. वरणाच्या वेळी पुन्हा तेच, आणि या खेपेला बोलणं तुटलं.

मायक्रोवेव्हच्या लहरी साधारण 2.45 गिगाहर्ट्झच्या. वाय-फायचा जुना पट्टा 2.4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे एकाच आळीतले. हा पट्टा भारतात 2005 साली परवानामुक्त झाला, त्यामुळे ब्लूटूथ, बिनतारी माउस, सगळी मंडळी तिथेच दाटीवाटीनं राहतात. ओव्हनच्या दारातून निसटणाऱ्या लहरी माणसाला अपाय करण्याइतक्या नसतात. पण वाय-फायची कुजबुज ऐकू पाहणाऱ्या लॅपटॉपच्या कानाशी तो ढोलच.

आम्ही राउटर बाहेरच्या खोलीत उंचावर नेला आणि लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घेतला. बऱ्याच राउटरवर नावापुढे ‘5जी’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. मोबाइलच्या 5जीशी त्याचा संबंध नाही. हा पट्टा वेगवान, पण भिंती ओलांडताना लवकर दमतो. काकांनी लगेच पुन्हा फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, ‘बाबा, तुम्ही मध्येच बंद का करता?’

राउटर लोखंडी कपाटात, आरशामागे किंवा माशांच्या टाकीजवळ ठेवू नका. धातू लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. दाट वस्तीत रात्रीच वेग मंदावत असेल तर शेजाऱ्यांचे राउटर तुमच्याच वाहिनीवर असू शकतात. 2.4 च्या पट्ट्यात 1, 6 आणि 11 या तीनच वाहिन्या एकमेकींच्या पायात येत नाहीत, त्यांतली मोकळी निवडा.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं बिनधोक आहे. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून दाबून धरणं वेगळं. त्यानं कंपनीनं भरून दिलेली नावं-संकेतशब्द पुसले जाऊ शकतात, मग चालू असलेलंही बंद. राउटर आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याचा अडॅप्टर तपासा. नवा घेताना व्होल्टचा आकडा जुन्यावरचाच हवा. अँपिअर थोडे जास्त चालतील, कमी नकोत.

आणि कंपनीला तक्रार करायची वेळ आलीच, तर नुसतं ‘नेट गेलं’ म्हणू नका. किती वाजता गेलं, कोणता दिवा लाल होता आणि तारेनं जोडल्यावर काय झालं, ते कागदावर लिहून मगच फोन लावा.